टाळी दहाला पाच म्हणते

सोमवार, ६ जानेवारी

टेबल डुगडुगतं, त्यामुळे नव्या वहीच्या पहिल्याच पानावर अक्षर वाईट आलं. पायाखाली कागदाची घडी घातली, तर आता दुसऱ्या बाजूनं डुगडुगतं.

शाळेत रुजू झाले. बालवर्ग, पट छत्तीस, करार मार्चअखेरपर्यंत. आधीच्या बाई मध्येच सोडून गेल्या म्हणून ही जागा निघाली. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. त्यांनी पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. पहिलीच्या खोलीत तीसच मुलांची बाकं आहेत. म्हणजे छत्तीसातली सहा मुलं बालवर्गातच आणखी एक वर्ष बसणार आणि ती कोणती हे मी ठरवायचं. काम नीट झालं तर पुढच्या वर्षापासून मला कायम करता येईल. निवडताना वशिला नको, रडारड नको, कागदावर पुरावा हवा, असं म्हणाल्या. मला हे फार आवडलं. पुराव्यावर चालणारी शाळा.

मुलं शंभरपर्यंत एका दमात म्हणतात, छत हलेल अशा आवाजात. मध्येच थांबवून एकाला म्हटलं, "मला पंधरा बटणं दे." त्यानं मूठभर दिली आणि हात झटकले. ही पोपटपंची मी मोडणार आहे. येताना आईनं तिच्या शिवणाच्या कपाटातला जुन्या बटणांचा डबा दिला होता, तोच उद्यापासून आमचं पुस्तक.

शाळा सुटल्यापासून एकाही मोठ्या माणसाशी बोलणं झालं नाही. घरमालकीण काकूंना विचारलं, पाणी किती वाजता येतं. त्या "हो" म्हणाल्या.

बुधवार, ८ जानेवारी

शिक्षकांच्या खोलीत पाच खुर्च्या आहेत आणि शिक्षक सहा. मी स्टुलावर बसते. खुर्च्यांवर कुणाची नावं लिहिलेली नाहीत, पण आहेत. माझ्या शेजारच्या वर्गात, पहिलीला, शिकवणाऱ्या बाई इथे सव्वीस वर्षं आहेत. त्या फारसं बोलत नाहीत. मी बटणांबद्दल उत्साहानं सांगितलं तर चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "नाकात घालतात."

मधल्या सुट्टीत स्टुलावर कुणीतरी डब्याचं झाकण विसरलं होतं, वर स्वच्छ रुमाल, आत चार घास. मी उचलून शिपाईमामांना दिलं, ज्याचं असेल त्याला द्या म्हणून.

शुक्रवार, १७ जानेवारी

अंक लिहायला घेतले. तिघं जण ३ उलटा काढतात, सहा आणि नऊ तर एकमेकांच्या घरी राहायला गेल्यासारखे आहेत. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतो म्हणून ५२ लिहितात. यात मुलांचा काय दोष? ते ऐकू येईल तसं लिहितात. मी सुट्ट्या काड्या आणि दहा-दहाच्या जुड्या केल्या. आज नऊ जणांना पंचवीस बरोबर आलं. घरी येताना जिना चढताना मोठ्यानं म्हणाले, "नऊ जणांना." ऐकायला कुणी नव्हतं म्हणूनच म्हणाले असेन.

मुलांना नावांपेक्षा टोपणनावांनीच ओळखायला लागले आहे. एक आहे टाळी. वय सहा, कानामागे खोचलेली खडूची कांडी. हातात काहीही आलं, की दोन्ही हातांतल्या वस्तू एकमेकींवर आपटते, टप्प, मग खाली ठेवते. बटणं, काड्या, खडू, सगळं टप्प टप्प. तिचं खेळणं संपेपर्यंत बाकीच्यांचं मोजून झालेलं असतं. मी दोनदा हात धरून थांबवलं. शहाणी आहे, पण लक्ष नाही.

आजही स्टुलावर झाकण. आजही मामांना दिलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं माझा पट्टा एक भोक पुढं गेलाय." या शाळेत लोक फार विसरभोळे आहेत.

रविवार, १९ जानेवारी

घरी फोन. बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र चौकट करून दुकानात लावलंय, आरसा आणि दाढी-कटिंगच्या फलकाच्या मध्ये. दादा म्हणाला, गिऱ्हाईक मान वर करेपर्यंत बाबा वस्तरा लावत नाहीत, आधी वाचून घेतात त्याच्याकडून. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे माझी पदवी वाचल्याशिवाय आळीत कुणाची दाढी होत नाही.

आईनं विचारलं, मैत्रिणी झाल्या का गं? म्हटलं, झाल्या की दोघी-तिघी. मग ती नावं विचारायला लागली तेव्हा आवाज कटतोय म्हणून सांगितलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चाचणी सुरू केली. पंधरा दिवस विचार करून तयार केली आहे. घोकंपट्टीला वावच नाही. एकेका मुलाला कोपऱ्यात माझ्यापाशी बसवायचं, समोर बटणांचा ढीग, आणि विचारायचं: किती? तीन वेळा, तीन वेगळे ढीग. मी खाली मान घालून तक्त्यात लिहिते, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून मुलांना उत्तर कळायला नको. हे मी कॉलेजात शिकले होते आणि आज पहिल्यांदा उपयोगी पडलं.

आज अठरा झाली. टाळीचं वाईट वाटलं. दहाला पाच म्हणाली, आठला चार, सातला तीन. सातच्या वेळी पुढे काहीतरी पुटपुटली, पण एकदा उत्तर दिलं की दिलं, हा नियम सगळ्यांना सारखाच. निव्वळ अंदाजपंचे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

चाचणी संपली. सहा नावं निघाली, आणि आश्चर्य म्हणजे बरोबर सहाच, ओढाताण करावी लागली नाही. एक सदा झोपेत असणारा बुटका मुलगा. बाकी पाच, टाळीसकट, सगळी चपलांच्या गल्लीतली.

शाळेच्या मागे ती गल्ली आहे. रबरी चपलांचा कारखाना आहे आणि घरोघरी त्याचं काम चालतं. अहवालात मी लिहिलं: "या वस्तीतील पालकांचे मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष नसल्याने संख्याज्ञान अत्यंत कच्चे आहे. मुले ढोबळ अंदाजाने उत्तरे देतात." वाक्य दोनदा वाचलं. कठोर आहे, पण खरं लिहायचं म्हणजे कठोर लिहायचं. मोठ्या बाईंनी तक्ता पाहिला आणि असं नेटकं काम या शाळेत त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणाल्या.

चालत परत आले. कुणाला तरी सांगावं म्हणून घरमालकीण काकूंच्या दारात थांबले, पण टीव्ही मोठा होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शेजारच्या वर्गातल्या बाईंनी माझा अहवाल वाचला. त्यांना कुणी दाखवला माहीत नाही. हात धुताना एवढंच म्हणाल्या, "त्या गल्लीत एकदा जाऊन या." त्यांना म्हणायचंय की मी खोलीत बसून लिहिते, मला जगाची माहिती नाही. सव्वीस वर्षांचा तोरा. मी "हो" म्हटलं, घरमालकीण काकूंसारखं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सहा पालकांना संमतीपत्रावर सही करायला बोलावलं होतं. पाच येऊन गेले. कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं होतं भांडतील, मी समजावून सांगायची तयारी केली होती. एका बाईनं सही केली आणि मला नमस्कार करून गेली. तिची लांब वेणीची मुलगी दारात उभी होती, तीही यादीत आहे.

टाळीची आई आली नाही. उद्या-परवा मीच जाईन. शेजारच्या बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे, सही हवी म्हणून.

शनिवार, १५ फेब्रुवारी

खूप रात्र झालीय. पण आजच लिहिलं पाहिजे.

गल्लीत कसला वास आहे, रबराचा, तापलेला. प्रत्येक दारात पोती. टाळीचं घर म्हणजे एक खोली आणि उंबरा, आणि दोन्हींमध्ये चपलांचे तळवे पसरलेले. कारखान्यातून भोकं पाडून येतात, बाया घरी पट्टे ओढतात. टाळीच्या आईनं पोतं झटकून मला बसायला दिलं. हात थांबवले नाहीत, यंत्रासारखे चालूच. म्हणाली, माफ करा, येता नाही आलं, माल आज जायचाय.

मी संमतीपत्र काढलं आणि समजावून सांगायला लागले. तेवढ्यात टाळी मागच्या ढिगापाशी बसली होती ती कामाला लागली. डाव्या हातात डावी चप्पल, उजव्या हातात उजवी. दोन्ही एकमेकींवर आपटल्या, टप्प. "एक." बाजूला ठेवल्या. टप्प. "दोन." टप्प. "तीन." वाऱ्यासारखी. बारा झाले की दोरी ओवायची, गाठ, पुढची माळ.

मी बोलायची थांबले. टाळीच्या आईला वाटलं तिच्या आवाजाचा त्रास होतोय. म्हणाली, "गप गं जरा." मग मला म्हणाली, "मोजणीला तीच असते. चार वर्षांची होती तेव्हापासून. कारखान्यातून आमचा माल कधी मागं आला नाही बाई, एक जोड इकडं की तिकडं नाही."

मी विचारलं, एखादी चप्पल उरली तर? जोडीदार नसलेली?

टाळीनंच उत्तर दिलं. "तो सुटा. सुटा मोजत नाहीत. त्याचा जोड येईपर्यंत बाजूला ठेवतात."

दहाला पाच, आठला चार, सातला तीन. तक्ता दहा दिवस माझ्या टेबलावर पडलेला. अर्धं मला ओळखता आलं नाही. मला, बटणांचा डबा घेऊन आलेल्या बाईला. सातनंतर ती काय पुटपुटली होती हे आता मला माहीत आहे. मी मान खाली घालून लिहीत होते. एकदा वर बघितलं असतं तर हात दिसले असते.

टाळीच्या आईनं तोवर कागद ओढून सही केली होती. शांतपणे म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या. डोकं नाही म्हणताय तर नसेल. पुढच्या वर्षी मग पाठवत नाही, हात चालतो तिचा, घरीच बसेल."

मी कागद घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि निघाले. काहीच बोलले नाही. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्याची वाटतेय.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळपासून स्वतःशी वाद घालतेय. एक वर्ष म्हणजे काय, आभाळ कोसळत नाही. सहा वर्षांची सातची होईल. मार्चअखेरपर्यंत गप्प राहिले तर कायम होईन आणि मग पुढच्या वर्षी गल्लीतल्या सगळ्या मुलांसाठी काय काय करता येईल. हा विचार इतका शहाणा वाटला की मीच घाबरले. पुढच्या वर्षी टाळी शाळेत नसेलच. ती उंबऱ्यावर असेल, आणि तिथून कुणी परत येत नाही. बाबांनी दादाला दुकानात "फक्त सुट्टीपुरतं" बसवलं होतं.

घरी फोन केला. बाबांना म्हटलं, कामात एक चूक झालीय. कसली ते नाही सांगितलं. बाबा म्हणाले, "आमचा वस्ताद सांगायचा, कान कापला गेला तर आधी वस्तरा खाली ठेव, मग माफी माग. लोक माफी मागत बसतात आणि वस्तरा हातातच." मग विचारलं, जेवलीस का.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा हसल्यासुद्धा, पण चेहरा लगेच सरळ केला. यादी पुढे पाठवून झाली आहे. ती बदलायची तर कारण लागतं, आणि चालण्यासारखं कारण एकच, चाचणी घेणाऱ्या शिक्षिकेची चूक. "तसं लिहून द्याल? तुमच्या अक्षरात?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, घाई करू नका, हा कागद तुमच्या फायलीला लागेल, मग कायम करा म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू. उद्यापर्यंत विचार करा.

मी म्हटलं, आत्ताच लिहिते. उद्यापर्यंत विचार केला असता तर मी लिहिलं नसतं, हे मला माहीत होतं.

अठ्ठावीस तारखेला मोठ्या बाई स्वतः गल्लीतल्या पाचही मुलांची फेरचाचणी घेणार. मोजून संख्या सांगायची आणि लिहायची. एकच संधी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत टाळीला घेऊन बसले. म्हटलं, डावा हात पाठीमागे ठेव, एका हातानं मोज. एक बटण, एक. दुसरं बटण, दोन. तिनं हात मागे ठेवला. एक बटण उचललं आणि हवेत धरून थांबली. कशावर आपटायचं हे तिला कळेना. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला असावा. तिनं बटण खाली ठेवलं आणि मोजणं बंदच केलं. दुपारी सगळा वर्ग वीसपर्यंत म्हणत होता तेव्हाही तिचं तोंड मिटलेलं.

जे येत होतं तेही मी घालवलं. नऊ दिवस उरलेत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

परत गल्लीत गेले. टाळीच्या आईला सगळं खरं सांगितलं. चूक माझी होती, मुलीची नाही, आणि आता मी ती आणखी वाढवून ठेवलीय. तिनं पट्टा ओढता ओढता ऐकलं. मला वाटलं बोलेल चार शब्द, बोलायला हवे होते. म्हणाली, "मग आता बसा. बघा तरी कसं असतं ते."

दोन तास जोड लावले. अब्रू गेली. पहिल्या माळेत दोन डाव्या एकत्र बांधल्या. टाळी उलगडून बघते आणि आईला म्हणते, "बाईंनी लंगड्या माणसाचा जोड केला." शेजारची म्हातारी दारातून बघायला आली. तिनं विचारलं, ही कोण नवी, आणि टाळीची आई म्हणाली, "नवीन लागलीय, अजून कच्ची आहे." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. जानेवारीपासून हसलेच नव्हते की काय, गालच दुखायला लागले.

उठताना माझ्या ढिगात एक उजवी उरली. टाळीनं ती उचलून भिंतीतल्या खिळ्याला टांगली. तिथे आणखी चार-पाच सुट्या होत्या. म्हटलं, या किती दिवस राहतात? ती म्हणाली, "येतो की जोड. फेकायचा नसतो." माल कसा तपासतात, दोरी कशी ओवतात हे सगळं मी नीट विचारून घेतलंय, पुढे उपयोगी पडेल म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते.

येताना एक गोष्ट सुचली. उद्या रविवार. सोमवार कधी येतो असं झालंय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

टाळीला वर्गाबाहेर पायरीवर घेऊन बसले. दहा बटणं दिली, दोन्ही हात मोकळे. म्हटलं, तुझ्या पद्धतीनं मोज. ती माझ्याकडे बघत राहिली, खरंच का म्हणून. मग टप्प, टप्प. पाच.

म्हटलं, पाच जोड. बरोबर. आता सांग, हे पाच जोड घातले तर पाय किती झाकले?

तिनं आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्या. मग शिपाईमामा अंगण झाडत होते त्यांच्या. "एक, दोन," स्वतःचे. "तीन, चार," माझे. "पाच, सहा," मामांचे, मामा झाडू घेऊन आपले उभेच. मग माणसं संपली, तर तिनं डोळे मिटले आणि आई, आणि म्हातारी. "दहा."

मी विचारलं, आणि सुटा राहिला तर?

"त्याला पण पाय असतोच ना एक," ती म्हणाली, जणू मीच बालवर्गात आहे.

मग बाकीच्या तिघांनाही बोलावून हाच खेळ केला. पाचवी, ती वेणीवाली, सही झाल्यापासून शाळेत आलेली नाही. तिच्या घरी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा कुलूप.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

फेरचाचणी. मोठ्या बाईंची खोली. मला भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं, बोलायचं नाही या अटीवर. शेजारच्या बाईही होत्या, पुढच्या वर्षी मुलं त्यांच्याकडे जाणार म्हणून.

पहिले तिघं झाले. एक अडखळला, सावरला. मग टाळी. मोठ्या बाईंनी नऊ खडे ठेवले. मुद्दाम नऊ, मला कळलं.

दोन्ही हात पुढे आले. टप्प, टप्प, टप्प, टप्प. एक खडा उरला. टाळी म्हणाली, "चार." आणि थांबली.

मोठ्या बाईंनी पेन उचललं. मी भिंतीचा रंग नखांनी खरवडत होते, नंतर पाहिलं तर बोटं पांढरी. मग टाळीनं तो उरलेला खडा उचलून तळहातावर ठेवला आणि मोठ्या बाईंना दाखवत म्हणाली, "चार जोड, एक सुटा. पाय नऊ."

"पाय?" मोठ्या बाई.

"पाय म्हणजे सगळे धरून," शेजारच्या बाई म्हणाल्या. त्यांना कसं माहीत? मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

लिहून दाखव म्हटल्यावर टाळीनं सहा काढला, बघितला, खोडला आणि नऊ काढला. मोठ्या बाईंनी तक्त्यात बरोबरची खूण केली. मी बाहेर मोरीपाशी जाऊन बोटांचा रंग धुतला.

मंगळवार, ४ मार्च

मोठ्या बाईंनी बोलावलं. चौघांना पहिलीत घेतलं. बाकं तीसच मुलांची आहेत, पण शेजारच्या बाईंनी लिहून दिलंय, एका बाकावर तिघं बसवीन, माझी हरकत नाही. वेणीवालीचं नाव मात्र तसंच राहिलं, पालक आल्याशिवाय काही करता येत नाही. तिच्या आईनं मला नमस्कार केला होता तो आठवतो.

माझं कायम होणार नाही. मोठ्या बाईंनी फार सौम्यपणे सांगितलं, तुमच्याच अक्षरातला कागद आहे, मी काय करू. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. खरंच बरोबर आहे. पुरावा मीच दिला.

स्टुलावर झाकण होतं. भूक लागली होती, पण दुसऱ्याचं कसं खायचं. मामांना दिलं. मामांनी आधी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

रविवार, ९ मार्च

बाबांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मी म्हटलं, बाबा, महिनाअखेरीला परत येतेय. दुकानातली ती चौकट काढायची तर काढा.

बाबांनी विचारलं, "पोरगी पहिलीत गेली?"

म्हटलं, गेली.

"मग चौकट कशाला काढू," म्हणाले. मागून आईचा आवाज, तिला विचारा मैत्रिणी काय म्हणतात तिच्या.

शनिवार, २९ मार्च

शेवटचा दिवस. बटणांचा डबा वर्गातच ठेवला, झाकणावर "मोजताना हात बघा" अशी चिठ्ठी चिकटवून. वेणीवालीच्या दाराला आज कुलूप नव्हतं. तिची आई पुढच्या आठवड्यात येते म्हणाली. येईल की नाही माहीत नाही. पत्ता आणि मोठ्या बाईंची वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली आहे.

दुपारी पहिलीची यादी फळ्यावर लिहिली. मुलं आपापली नावं शोधत होती, सापडलं की बोटानं पुसून टाकत होती, त्यामुळे शेवटी यादीच राहिली नाही. सगळी गेली. मी कपाट आवरत होते तर टाळी दारात. आईनं बाहेर उभं राहायला सांगितलंय म्हणून आत येईना. उंबऱ्याच्या पलीकडून म्हणाली, "बाई, तुम्ही पण येणार ना पहिलीत?"

म्हटलं, नाही.

"यादीत नाव नाही तुमचं?"

"नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज अगदी हळू केला, आतल्या कुणी ऐकू नये असा, खरं तर आत मी एकटीच होते.

"मोजता नाही आलं?"

"नाही आलं," मी म्हणाले.

तिनं कानामागची खडूची कांडी नीट खोचली. मग म्हणाली, "परत घेतात. मोठ्या बाई घेतात परत. रडायचं नाही." आणि आईनं हाक मारली म्हणून पळाली.